गॅस गेलेलं गोल्ड स्पॉट

गेल्या जानेवारीत माझ्या थोरल्या बहिणीला न्यूमोनिया झाला. वय अठ्ठ्याहत्तर. बारा दिवस दवाखान्यात काढून ती कोल्हापूरला घरी आली खरी, पण तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. भाचीचा मला सांगलीला रोज फोन. "मावशी, आई दोन घास खाते नि ताट सरकवते." एके दिवशी मात्र फोन वेगळाच आला. "मावशी, आईनं काहीतरी मागितलं. पण ते कुठनं आणायचं? म्हणते, गोल्ड स्पॉट आण."

भाची तिच्या परीने दुकानात गेली आणि दुसरं एक संत्र्याच्या रंगाचं पेय घेऊन आली. ताईने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "हे ते नव्हे."

ज्यांचा जन्म १९९० नंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. (शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे मागचा धडा झाल्याशिवाय पुढे जाववत नाही. चालवून घ्या!) गोल्ड स्पॉट हे पार्ले कंपनीचं, संत्र्याच्या स्वादाचं, गॅस भरलेलं पेय. काचेची बाटली, वर पत्र्याचं बूच. बाटली दुकानदाराला परत द्यायची. १९७७ साली कोका-कोला देश सोडून गेली. त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षं पार्लेच्या थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉटची होती. माझ्या वर्गातली मुलं तेव्हा गोल्ड स्पॉटची बुचं जमवायची, कारण बुचाच्या आत जंगल बुकमधली चित्रं असायची. मोगली द्यायचा नि भालू घ्यायचा, हा व्यवहार माझ्या तासाला बाकाखाली चालायचा. पुढे १९९३ मध्ये कोका-कोला परत आली आणि त्याच वर्षी पार्लेने आपली ही पेयं तिला विकली. थम्स अप टिकलं, लिम्का टिकलं, माझा टिकलं. गोल्ड स्पॉट मात्र बाजारातून काढून घेतलं गेलं आणि संत्र्याच्या स्वादाची जागा फँटाला मिळाली.

तर आता ते कुठून आणायचं? मी भाचीला म्हटलं, "मी करते घरी." म्हणून तर बसले, पण म्हणणं सोपं होतं!

पहिला प्रयत्न अगदी सरळ. नागपुरी संत्री आणली, रस काढला, साखर घातली, त्यात बाजारचा सोडा ओतला. चव चांगली लागली, पण ते संत्र्याचं सरबत झालं. मग लक्षात आलं की मूळ पेयात संत्रं नव्हतंच. ते कृत्रिम रंगाचं नि कृत्रिम स्वादाचं पेय होतं. आपण खऱ्या फळातून खोट्या फळाची चव काढायला निघालो होतो. ती कशी निघणार?

दुसऱ्या प्रयत्नात मला वाटलं, सोडा तरी विकतचा कशाला? खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड पाण्यात घातलं की बुडबुडे येतातच. आले की! पण त्या दोघांच्या संयोगातून एक क्षारही तयार होतो आणि तो पाण्यातच राहतो. पेय खारट लागतं. शेजारच्या वहिनींना चव बघायला दिलं, तर त्या म्हणाल्या, "पित्तावर बरं आहे हो."

तिसऱ्या वेळी मात्र जरा अभ्यास केला. संत्र्याचा खरा वास असतो सालीच्या वरच्या केशरी भागात, तेलाच्या रूपात. (साल दुमडून दाबली की डोळ्यांत उडतं ना, तेच ते.) चार संत्र्यांच्या सालीचा फक्त वरचा भाग किसून घेतला. पांढरा भाग आला तर कडू होतं. तो कीस पाव किलो साखरेत चांगला चुरला आणि चार-पाच तास झाकून ठेवला. साखर ओलसर होते आणि तेल ओढून घेते. मग दीडशे मिलिलिटर गरम पाण्यात ती साखर विरघळवली, गाळली, त्यात पाऊण चमचा सायट्रिक ॲसिड घातलं. बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातून ऑरेंज इसेन्स आणला, त्याचे मोजून दोन थेंब. खायचा केशरी रंग अगदी सुईच्या टोकावर राहील एवढा. पाक एक भाग, सोडा सहा भाग. दोन्ही अगदी थंड हवेत, कारण थंड पाण्यात गॅस जास्त धरून राहतो. पेल्यात आधी पाक घालायचा आणि मग सोडा कडेने हळू ओतायचा. उलट केलं तर सगळा गॅस फेसावाटे निघून जातो.

अडचण आली ती तेलाची. तासाभराने बघितलं तर पाकाच्या वर तेलाचा बारीक तवंग. तेल हलकं, साखरेचं पाणी जड, ते वर येणारच. हीच अडचण कारखानदारांनाही होती. त्यासाठी ते ब्रोमीन जोडलेलं वनस्पती तेल वापरत. ते जड असतं, त्यामुळे स्वादाचं हलकं तेल त्यात मिसळलं की सारखं पसरून राहतं, वर येत नाही आणि पेयाला तो छान गढूळपणाही येतो. आरोग्याला घातक म्हणून भारतात त्यावर १९९० मध्ये बंदी आली, अमेरिकेत २०२४ मध्ये. मी आपला घरचा उपाय केला. लाडवाचा डिंक रात्रभर भिजवला, गाळला आणि त्या पाकात घुसळून घेतला. डिंक तेलाच्या बारीक कणांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतो. तवंग गेला. पाकाला जरासा गढूळपणा आला. एकदम बाटलीतल्यासारखा!

खरं सांगते, त्या दिवशी मला बी.ए.चा निकाल लागला तेव्हा झाला होता तेवढा आनंद झाला. मी स्वतः चव घेतली, डोळे मिटले. हेच ते. शंभर टक्के.

दुसऱ्या दिवशी पाक लोणच्याच्या बरणीत भरला आणि एसटीने कोल्हापूर गाठलं. सोडा तिथेच आणवला. भाचीने ट्रे काढला, काचेचा पेला काढला. बर्फ, पाक, सोडा, अगदी सोहळाच. ताई उशीला टेकून बसली होती. पेला हातात घेतला, एक घोट घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, पेपर तपासून झाल्यावर मूल आपल्याकडे बघतं ना, तशी.

"छान झालंय गं," ताई म्हणाली. "पण हे नव्हे."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? आठ दिवस मी त्यामागे होते. मी म्हटलं, "ताई, आजारपणात तोंडाची चव जाते. तुला आता काहीच लागणार नाही तसं." ती काही बोलली नाही. पेला स्टुलावर ठेवला आणि पडून राहिली. मी आणि भाची स्वयंपाकघरात जाऊन आमच्या गप्पांत रमलो.

दिवेलागणीला आत आले तर ताई उठून बसलेली. तहान लागली असावी. स्टुलावरचा तो दुपारचा पेला तिने उचलला होता आणि तोंडाला लावला होता. बर्फ केव्हाच विरघळलेला, गॅस उडून गेलेला, पेय कोमट. मी म्हणणार होते, "अगं, ते शिळं झालं, ठेव." तेवढ्यात ती म्हणाली, "हे बघ. हे! हे ते."

मी पेला तिच्या हातून घेतला आणि एक घोट घेतला. गोडमिट्ट. गॅस असतो तोवर जिभेला तो चावतो, जरा आंबटपणाही देतो, त्यामुळे गोडी आवरलेली राहते. गॅस गेला की उरतो तो नुसता गोड, संत्र्याच्या गोळीसारखा स्वाद. आणि तो स्वाद जिभेवर येताच मला एकदम मिरजेच्या आमच्या घराची मागची पडवी आठवली.

१९६९ साल. ताई बावीस वर्षांची, मी नुकतीच मॅट्रिक झालेली. ताईला दाखवायचे कार्यक्रम चालू होते. वडील कारकून होते. पाहुणे यायचे त्या दिवशी आई कांदेपोहे करायची आणि उन्हाळा असेल तर वडील कोपऱ्यावरच्या दुकानातून गोल्ड स्पॉटच्या बाटल्या आणायचे, मोजून, जेवढे पाहुणे तेवढ्याच. त्या बाटल्या घरच्यांसाठी नसायच्या, हे आम्हाला सांगावंही लागायचं नाही. ताई ट्रे घेऊन बाहेर जायची. "नाव काय? शिक्षण किती? शिवण येतं का? जरा चालून दाखव." मी दाराआडून बघायची.

पाहुणे कधी बाटली संपवत नसत. संपवणं हावरटपणाचं दिसतं ना! "पुरे पुरे" म्हणत पाव-अर्धी बाटली ठेवून उठायचे. त्यांना पोहोचवून येईपर्यंत, आवराआवर होईपर्यंत रात्र व्हायची. बाटल्या सकाळी दुकानात परत द्यायच्या असत, म्हणून आई त्या विसळायला मागे ठेवायची. त्या आधी ताई आणि मी पडवीत बसून सगळ्या बाटल्यांतलं उरलंसुरलं दोन कपांत ओतून प्यायचो. उष्टं होतं, हो. आईला कळलं असतं तर चांगलाच मार बसला असता. (आईला कळत होतं, असं आता वाटतं.)

म्हणजे ताईने आयुष्यात पहिल्यांदा गोल्ड स्पॉट प्यायली ती कोमट आणि गॅस गेलेली. पुढे लग्नानंतर दाजींबरोबर सिनेमाला गेल्यावर थंडगार बाटली मिळालीही असेल. पण जीव लागला होता तो त्या पडवीतल्या कपावर.

मी तिला म्हटलं, "ताई, ते दिवस कसले आठवतेस? किती अपमान तो! बाजारात गाय बघावी तसे बघायचे तुला." मी आयुष्यभर हे बोलत आले आहे. शाळेतल्या स्नेहसंमेलनात मुलींना या विषयावर नाटुकली बसवून दिली, निबंध लिहायला लावले, आणि दरवेळी डोळ्यांसमोर ताई असायची, ट्रे घेतलेली, खाली मान घातलेली.

ताई म्हणाली, "अपमान दिवसा व्हायचा गं. रात्री आपण दोघी असायचो. त्या वेळी मला कुणी काही विचारायचं नाही. तू दाराआडून बघितलेल्या त्या मावशीची नक्कल करायचीस. मी हसायची. तेवढीच ती एक घटका."

मला कितीतरी वेळ बोलता आलं नाही. पंचावन्न वर्षं मी तिच्या वतीने चिडले. पण त्या दिवसांतलं तिला काय आवडलं होतं, हे एकदाही विचारलं नाही. आणि त्यात मी होते!

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे, बंद पडलेल्या गोष्टी परत मिळवण्याची सध्या मोठी हौस आली आहे. २०२२ मध्ये रिलायन्सने कॅम्पाचं नाव विकत घेतलं आणि २०२३ मध्ये ते पेय पुन्हा बाजारात आलं. माझा मुलगाही म्हणाला, "आई, लोकांनी मागणी केली पाहिजे, गोल्ड स्पॉट परत आणा म्हणून." आणावं, माझी काही हरकत नाही. धंदा करणाऱ्याने धंदा करावा. पण त्याने ताईला हवं ते मिळालं असतं, असं मला वाटत नाही. मिळाली असती एक थंडगार बाटली, जी तिने दुपारी बाजूला ठेवली तशीच.

काहीजण म्हणतील, घरी करणाऱ्याकडे मूळ कृती नसते, म्हणून जमत नाही. कृती कंपनीच्या तिजोरीत असते हे खरं. पण कुठली कृती? तेल बदललं, नियम बदलले. १९६९ मधलं गोल्ड स्पॉट आणि १९९२ मधलं गोल्ड स्पॉट अगदी एकच होतं, हे छातीठोकपणे कोण सांगणार? आणि ती कृती मिळाली, तरी ती कारखान्यातून बाहेर पडलेल्या पेयाची. पुढे ते उन्हातून दुकानात गेलं, कुणी बर्फात ठेवलं, कुणी ठेवलं नाही, कुणी दोघांत एक प्यायलं, कुणी कपात ओतून प्यायलं. प्यायलं गेलं ते हे पेय. त्याची कृती पिणाऱ्याकडेच असते. माझी चूक एवढीच झाली की मी साखर, साल, डिंक, गॅस सगळ्यांचा अभ्यास केला, आणि जिच्यासाठी करत होते तिला "तू ते कसं प्यायचीस?" हा एक प्रश्न विचारला नाही. मुलांना आयुष्यभर सांगत आले, प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. स्वतः मात्र प्रश्न न वाचताच पेपर सोडवला!

तुमच्या घरीही कुणी म्हातारं माणूस असंच काही मागत असेल. कधीच्या बंद पडलेल्या दुकानातला एखादा पदार्थ, किंवा आता न मिळणारी गोळी. आपण लगेच म्हणतो, "ते आता मिळत नाही," किंवा तसंच दिसणारं काहीतरी आणून देतो आणि त्यांना ते आवडलं नाही की म्हणतो, "यांना काही पटतच नाही." मीसुद्धा तोंडाची चव गेली म्हणून मोकळी झाले होते. ते बोलणं मला अजून टोचतं. तिची चव शाबूत होती. माझ्यापेक्षा पक्की होती! मी डोळे मिटून "शंभर टक्के हेच" म्हटलं होतं. ते माझं गोल्ड स्पॉट होतं, पुढे नोकरी लागल्यावर स्वतःच्या पगारातून थंडगार प्यायलेलं. पडवीतलं मी पार विसरून गेले होते.

तेव्हा करायचं असेल तर जरूर घरी करा. पण आधी त्यांच्याजवळ बसा. कुठे प्यायचात, कुणाबरोबर, ग्लासात की कपात, थंड की कोमट, सकाळी की रात्री, हे विचारा. विचारताना निम्मं काम होतं. कधीकधी सगळंच होतं आणि पदार्थ करायची गरजही उरत नाही.

एक गोष्ट मात्र शिक्षिका म्हणून सांगितलीच पाहिजे. हे काही पौष्टिक पेय नव्हे. वर सांगितलेल्या प्रमाणाने दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात साधारण चोवीस ग्रॅम साखर जाते, म्हणजे जवळजवळ पाच चमचे. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ताईला डॉक्टरांनी अर्धा कप चालेल म्हणून सांगितलं होतं. आम्ही अर्धाच कप देतो.

त्या पेल्यानंतर ताईची भूक एकदम सुधारली, असं काही झालं नाही. सिनेमात होतं तसं आयुष्यात होत नाही. त्या रात्री तिने अर्धी भाकरी आणि आमटी खाल्ली, दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट सरकवलं. हळूहळू महिन्या-दीड महिन्यात जेवण रुळावर आलं.

आता मी महिन्यातून एकदा कोल्हापूरला जाते. पाक नेते. संध्याकाळी पोचल्या पोचल्या सोडा घालून दोन कप भरते आणि उघडेच ओट्यावर ठेवते. भाची हसते, "मावशी, गॅस जाईल ना!" मी म्हणते, "जाऊ दे." रात्री सगळे झोपले की आम्ही दोघी मागच्या खोलीत बसून ते पितो. परवा ताई म्हणाली, "त्या मावशीची नक्कल कर ना गं." मला ती मावशी आता धड आठवतही नाही. पण केली.